घरफोडी टाळायचा फॉर्म

मी धनराज, गावचा पोलीस पाटील. आमच्या गावात चोरी होतच नाही, असं मी जिथे-तिथे छाती फुगवून सांगायचो. त्यामुळे सिंदेवाहीकडून मोटारसायकलवर एक कडक इस्त्रीचा माणूस आला आणि ठाण्यातर्फे घरफोडी टाळायची पाहणी आहे म्हणाला, तेव्हा ओळखपत्र मागायचं मला सुचलंच नाही. त्याने मला 'पाटीलसाहेब' म्हटलं होतं. तेवढ्यावर मी पाघळलो.

दारोदार मीच नेलं त्याला. मोहफुलं वेचायला घर किती वाजता रिकामं होतं, कुलूप आहे की नुसती कडी, दागिने कुठे ठेवता, सगळं त्याने फॉर्मवर लिहून घेतलं. शेजारच्या रुखमाबाई मात्र गप्प होत्या. नातीच्या, रंजीताच्या लग्नासाठी जपलेल्या सोन्याच्या पोतीत त्यांचा जीव होता.

"सांगा ना बाई," मी म्हणालो, "साहेब आपल्या भल्यासाठीच विचारून राह्यले."

"धानाच्या ढोलीत हाय," त्या हळूच म्हणाल्या. जाताना कुलूप लावत जा, असा सल्लाही दिला त्या मेल्याने.

चौथ्या दिवशी पहाटेच सगळं गाव मोहाच्या झाडांखाली गेलं. दहाच्या सुमारास टोपल्या घेऊन परतलो, तर रुखमाबाईंच्या घरात बांबूची ढोली आडवी आणि धान दारापर्यंत सांडलेलं. बाकी एक भांडंही हललेलं नव्हतं. इसरूच्या घरी चुलीमागचा डबा गेला, पत्रूच्या घरी आढ्यावरचं गाठोडं. शोधाशोध कुठेच नाही, थेट तिथेच हात. ठाण्यात फोन केला, तर अशी पाहणी कोणी सुरूच केली नव्हती.

दुपारी सगळे माझ्या ओसरीवर जमले. पत्रूने विचारलं, "तुयं घर काऊन नाई फुटलं, धनराज?"

माझी बायको दिव्या त्या सकाळी तापाने घरीच पडून होती. तिचा खोकला ऐकून तो पुढे गेला असणार. मी हे सांगितलं, पण माझ्याकडे कोणी बघेना.

"बाई," मी रुखमाबाईंना म्हणालो, "तुमाले तरी खरं वाटते ना? तो चोर हाय हे मले कुठी माहीत होतं?"

"खरं वाटते," त्या म्हणाल्या. "पन मी त्याले सांगतलंच नव्हतं, धनराज. मी तुले सांगतलं."