दोन चौकटींचा फॉर्म

औषधांच्या गोदामात मी अकरा वर्षं वॉचमन होतो. आत महागड्या इंजेक्शनांची एक खोली. कायम कुलपात, कायम थंड. कुलूप असताना तिच्यात काही हललं की सायरन बोंबलतो आणि पोलिसांची गाडी दारात येते. गेल्या पंधरवड्यात तो दोनदा बोंबलला. चोर सोडा, झुरळही सापडलं नाही.

पोलिस पहिल्याच वेळी वैतागले. म्हणाले, यापुढे खोट्या सायरनला जबाबदार कोण ते लेखी द्या. साहेबांनी लगेच फॉर्म छापून घेतला. त्यात दोन चौकटी. ‘वॉचमनची चूक’ आणि ‘मेकॅनिकची चूक’. तिसरी नाहीच. जगात चुकणारी माणसं दोनच, असं साहेबांचं मत असावं. एकाच्या नावावर तीन सह्या झाल्या की तो घरी.

दोन्ही वेळा मीच सही केली. कुलूप तपासताना माझ्या हातून दार हललं, असं लिहून दिलं. दार हललं नव्हतं. पण मेकॅनिक माझा जावई आहे.

आज सकाळी अकराला तिसऱ्यांदा झालं. पोलिस आले, बघून गेले. जाताना हवालदार म्हणाला, "काका, आमचा व्यायाम मात्र चुकू देत नाही तुम्ही."

मग जावई शिडी घेऊन त्या खोलीत आला. तो वर सेन्सर उघडून बसला, मी खाली शिडी धरून समोर बघत राहिलो. समोर कापडी फलक. ‘शून्य चूक महिना’. वरची मंडळी तपासणीला येणार म्हणून साहेबांनी स्वतः उभं राहून बरोबर एसीखाली लावून घेतलेला. एसीचा झोत सुटला की त्याचं खालचं टोक फडफडायचं.

"दिसलं का?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं, मामा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना. साहेब म्हणाले, कापडाला घाबरणारं यंत्र बसवलंत, ही चूक कोणाची? तुम्ही बोललात?"

"मला म्हणाले, तुम्ही कुलूप बघा, भिंती मी बघतो."

"काढूनच टाकू या का?"

"आणि कोणी काढला, ते कुठल्या चौकटीत लिहायचं?"

तो हसला. मीही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांच्या केबिनमध्ये फॉर्म तयार होता. "ठरवा आपसात," साहेब म्हणाले. "घरचाच मामला आहे तुमचा."

"साहेब, तो फलक..."

"पुन्हा फलक! तपासणी झाली की उतरवू. तोवर या कागदाचं बोला."

जावई कायम व्हायला दोन महिने राहिलेत. एक सही नावावर पडली की गेलं ते. लेकीने दोन खोल्यांची जागासुद्धा बघून ठेवलीय. हे साहेबांना ठाऊक होतं, जावयाला होतं, मला होतं. मी जावयाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. एकदा म्हणाला असता, "मामा, थांबा," तर मी थांबलो नसतो. पण म्हणायला काय जात होतं?

मी खिसे चाचपायला लागलो. तेवढ्यात त्याने स्वतःचं पेन पुढे केलं. टोपण काढलेलं.

सही केली. साहेबांनी कागद फाईलला लावला आणि माझ्याकडून किल्ल्या मागून घेतल्या.

फाटकाशी पोचलो तर लेकीचा फोन. "बाबा, आज परत वाजला म्हणे! ह्यांना काही बोलले नाहीत ना साहेब?"

"नाही गं."

"आणि तुम्हाला?"

एवढ्यात आत सायरन सुटला. "काही ऐकू येत नाही, ठेव," म्हणालो आणि आत धावलो. कुलपापाशी पोचल्यावर कमरेला हात घातला. तिथे नुसता पट्टा होता.