कामाचा माणूस

निजामाच्या राज्यात साहेबलोकांचा दौरा निघाला की त्यांचे तंबू, खाटा, हंडे गाडीत भरून पुढच्या मुक्कामी पोचवायचं काम पिंगळीच्या लिंबाजीकडं असे. एकदा येलदरीकडच्या उतारावर गाडी उलटली आणि तंबूचे खांब त्याच्या पाठीवर आले. कमरेखालचं अंग मेलं. परभणीच्या डॉक्टरानं तपासलं, अर्ज हैदराबादेला गेला आणि पुष्कळ खेटे घातल्यावर सरकारी वजीफा, म्हणजे दरमहा पोटापुरते पैसे, सुरू झाला. त्याची बायको बायनाबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची आणि घरी येऊन त्याचं हगणं-मुतणं काढायची.

पुढच्या साली तपासणीला तालुक्याच्या कचेरीतले पेशकार दिनकरराव गावात आले. अत्तराचा रुमाल नाकाला लावून दारातच उभे राहिले. लिंबाजीचा जन्म साहेबापुढं वाकण्यात गेलेला. कोपरावर रेटा देऊन तो कसाबसा वर झाला आणि त्यानं सलाम केला.

"हात तर चांगला चालतोय की याचा," दिनकरराव म्हणाले.

"हात हायेत, साहेब. पाय गेलेत," बायनाबाई म्हणाली.

"सलाम करता येतो, तर काम का नाही करता येत?"

वजीफा बंद झाला.

बायनाबाईनं अर्जावर अर्ज लिहून घेतले. उत्तर आलं नाही. शेवटी तिनं दीर आसारामला गाडी जुंपायला लावली, लिंबाजीला बाजेसकट उचलून घातलं आणि तालुक्याच्या कचेरीत नेऊन ओसरीवर ठेवलं.

"तुमीच म्हणलात, ह्यांला काम करता येतंय. द्या मग काम."

कारकून खिदळले. दिनकररावांनाही गंमत वाटली. छताला टांगलेल्या पंख्याची दोरी त्यांनी लिंबाजीच्या हातात दिली. "ओढ."

लिंबाजी ओढू लागला. घामानं निथळला, तरी थांबेना. सरकारी काम मिळालं म्हणून तो खुशीत होता. त्याचं ते तोंड बघवेना म्हणून बायनाबाईनं मान फिरवली.

दुपारी त्याचं धोतर भरलं. त्याला कळलंही नाही. तो पंखा ओढत राहिला आणि वाऱ्याबरोबर घाण वास सगळ्या कचेरीत पसरला. कारकून बाहेर पळाले. एक तर पायरीवरच ओकला.

"उचला याला! आधी उचला!" दिनकरराव ओरडले.

बायनाबाई जागची हलली नाही. "काम करायलेत, साहेब. मधीच कसं उठवू?"

"वजीफा चालू करतो. पण याला पुन्हा माझ्यासमोर आणू नकोस."

एका हातानं नाक दाबून त्यांनी हुकूम लिहिला, सही केली आणि कागद तिच्या पायाशी फेकला. तिनं तो उचलला.

वाटेत ओढ्यावर तिनं नवऱ्याला धुतलं. लिंबाजी तोंड फिरवून रडत होता. "माझ्यापायी तुला खाली बघावं लागलं."

"तुमचं रोजच काढते मी. कदी किळस आली न्हाई," ती म्हणाली. "आज आली, ती त्या कचेरीतल्यांची. मोडलेली पाठ दिसली न्हाई त्यायला. वास तेवढा आला."

लिंबाजी मरेपर्यंत वजीफा मिळत राहिला. तपासायला पुन्हा कुणी फिरकलं नाही. वजीफ्याचे पैसे आणायला बायनाबाई कचेरीत जायची, पण भर उन्हाळ्यातसुद्धा तिथल्या रांजणातलं पाणी तिनं कधी तोंडाला लावलं नाही.