चक्कीचं सुतक

आमच्या लिंडेकेर्केत बघण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं, की मी पूर्वी 'बेकरी' असं सांगायचो, कारण बेकरी माझी होती. पुढे माझे गुडघे गेले, बेकरी बंद झाली, आणि गावात बघण्यासारखं काय आहे हे ठरवायचा मक्ता माझ्या बायकोकडे गेला. हेडविग गावच्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने अख्ख्या गावालाच वर्ग समजायला सुरुवात केली. रविवारी बाहेरून लोक येतात, त्यांना ती फिरवते. आधी कललेल्या मनोऱ्याचं चर्च, मग बिअरची जुनी भट्टी, मग रस्त्याच्या वळणावरचं मेरीमातेचं चिमुकलं देऊळ, आणि सगळ्यात शेवटी टेकाडावरची लाकडी पवनचक्की. ती छत्री उंच धरून पुढे चालते, आणि मागे रेंगाळणाऱ्याला नुसत्या नजरेने ओढून आणते.

चक्कीपाशी पोचलं की तिच्या आवाजाला धार चढते. पातं अगदी खालच्या टोकाला पोचायच्या जरा आधी थांबवलेलं असेल, तर चक्कीवाल्याच्या घरात आनंद आहे. लग्न म्हणा, बारसं म्हणा. तेच पातं टोक ओलांडून जरा पुढे थांबलेलं असेल, तर घरातलं माणूस गेलंय. येणारं पातं सुखाचं, जाणारं दुःखाचं. "आमच्याकडे माणसांबरोबर चक्कीही सुतक पाळते," असं ती हलक्या आवाजात म्हणते, आणि बायका रुमाल शोधायला लागतात. मला ते तोंडपाठ आहे, तरी मीही रुमाल शोधायचो. आता शोधत नाही. आता ती हे बोलायला लागली, की मी भट्टीच्या भिंतीकडे बघतो.

या चक्कीचा शेवटचा चक्कीवाला म्हणजे ओमेर. तुळया कुजल्या तेव्हा त्याने ती नगरपालिकेला देऊन टाकली, आणि नगरपालिकेने ती दुरुस्त करण्यात इतकी वर्षं घालवली की आम्ही आशाच सोडली होती. अखेर या सप्टेंबरात काम पुरं झालं. शनिवारी सकाळी ब्रुसेल्सहून मंत्री येऊन फीत कापणार असं ठरलं. सुतारांनी पाती सुखाच्या जागी उभी केली, त्यांवर रंगीत पताका लावल्या. आणि त्याच आठवड्यात ओमेरची बायको झुल्मा गेली. पात्यांवरचं कापड तिनेच जन्मभर शिवलेलं. पाद्रीबुवांना दुसरा दिवस मोकळा नव्हता, म्हणून तिचा दफनविधीही शनिवारी सकाळीच ठरला.

ओमेर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्याची मुलं हेडविगच्या हाताखाली शिकलेली, म्हणून तोही तिला बाईच म्हणतो.

"चक्की आता गावाची आहे, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "पण झुल्मा मातीत जाईपर्यंत पाती जरा पुढे सरकवून ठेवता आली तर बघा, बाई. ब्रेक सोडायचा आणि लावायचा, एवढंच."

हेडविगने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "हे काय विचारणं झालं, ओमेर? झालंच समजा."

तिने ते मनापासून म्हटलं होतं. माझी बायको दुष्ट नाही, हे मला आधीच सांगून टाकायचंय.

संध्याकाळी गेरॉल्फ आला. नगरपालिकेत संस्कृतीचं खातं हा सांभाळतो. लहानपणी हेडविगच्या वर्गात पाढे चुकायचा, आता टाय बांधतो. मंत्र्यांच्या फोटोत सुतकातली चक्की कशी दिसेल, असं त्याचं म्हणणं. हेडविग आधी त्याच्या अंगावर गेलीच. लाज वाटते का, इथवर बोलली. त्याने निमूट ऐकून घेतलं. सोमवारपासून हवं तर आठवडाभर सुतकात ठेवू, शनिवारी मात्र पाती आहेत तशीच राहतील, ना पुढे ना मागे, असा शब्द दिला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, की पात्यांची ती गोष्ट मंत्र्यांना बाईंनीच सांगावी असं सगळ्यांच्या मनात आहे. मंत्र्यांच्या शेजारी उभं राहून, ध्वनिक्षेपकावरून.

हेडविगची मान एकदम ताठ झाली. मी बघितलं ते. मी बोलायला हवं होतं, पण मी गेरॉल्फला विचारलं, चीज घेणार का.

त्यानंतर प्रश्न उरला तो ओमेरला सांगायचं कोणी आणि काय.

"मंत्र्यासाठी नाही म्हटलं असं त्याच्या तोंडावर सांगवणार नाही मला," हेडविग म्हणाली. "ब्रेकचं काम अर्धवट आहे म्हणते. तपासणी होईपर्यंत पाती हलवायची नाहीत. त्याचं मनही दुखणार नाही."

"चक्कीवाल्याला चक्कीबद्दल थाप मारतेस?" मी म्हटलं.

"तू तुझे पाव बघ."

"पाव बंद होऊन जमाना झाला," मी म्हटलं, आणि आम्ही तिघंही हसलो. ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओमेरकडे गेलो. बेदाण्यांचा पाव भाजून नेला होता. हेडविगने सगळं फार हळुवारपणे सांगितलं. ओमेरने तक्रार केली नाही. त्याने फक्त विचारलं, "धरत नाही का ब्रेक?"

"नीट धरत नाही," हेडविग म्हणाली.

तो काळजीतच पडला. आपलं दुःख विसरून चक्कीचंच बोलत बसला. शनिवारी लोकांना पात्यांखाली उभं करू नका, ब्रेकच्या दोराला कोणाला हात लावू देऊ नका, वारा असताना ब्रेक सुटला तर ती कोणाच्या बापाला आवरायची नाही. त्याच्या चुलत्याचा जीव तसाच गेला होता. हेडविगने सगळ्याला मान डोलावली. बाहेर पडल्यावर म्हणाली, किती समजूतदार आहे बघ. न बोलण्याचा मला चांगला सराव झाला होता.

शनिवारी चर्च भरलं होतं. मंत्र्यांसाठी काढलेला निळा सूट हेडविगने घातला होता, आणि वरून काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावून. आमची दफनभूमी चर्चच्या मागेच आहे, तिच्या भिंतीवरून टेकाडावरची चक्की सबंध दिसते. पताका लावलेली, सुखात उभी असलेली. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, पण ब्रेकची गोष्ट हेडविगने आधीच चौघींच्या कानावर घातली होती, त्यामुळे कुजबुज लगेच थांबली.

पाद्रीबुवांची प्रार्थना चालू होती. खांदेकऱ्यांनी शवपेटीचे दोर हातात घेतले. वारा सुटला होता, बायका टोप्या धरत होत्या. आणि तेवढ्यात पाती हलली. आधी जराशी, मग भराभर, आणि पताकांचे रंग एकात एक मिसळून गेले. मंत्री लवकर आले होते, त्यांना चक्की फिरताना बघायची होती, असं नंतर कळलं. हेडविगची बोटं माझ्या बाहीत रुतली. "गेरॉल्फने शब्द दिला होता," ती पुटपुटली.

आता ओमेरच्या जिव्हारी लागणार, असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला तो वेगळ्याच कारणाने.

"ब्रेक सुटला," तो मोठ्याने म्हणाला. "खाली माणसं आहेत."

त्याने टोपी थोरल्या मुलाच्या, विल्फ्रीडच्या हातात कोंबली आणि बायकोची पेटी तशीच ठेवून तो निघाला. ऐंशी ओलांडलेला माणूस आधी चालला, मग पळायला लागला. एक वाक्य पुरलं असतं. ओमेर, थांबा, ब्रेक चांगला आहे. हेडविगने तोंड उघडलं नाही. मीही नाही. सगळ्या गावादेखत ते बोलायची लाज वाटली आम्हाला. त्या म्हाताऱ्याला बायकोच्या थडग्यापासून पळत जाऊ द्यायची वाटली नाही.

मी त्याच्या मागे धावलो, गुडघ्यांना शिव्या देत. मागून हेडविग. बिटाच्या शेतातून आम्ही टेकाडावर पोचलो, तोवर ओमेर हात हलवत गर्दीत घुसला होता. "मागे व्हा," तो ओरडत होता, "मागे सरका." लोकांनी हसत वाट दिली. काळ्या सुटातला म्हातारा हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं. मंत्र्यांच्या हातात पेला होता. ओमेरने चक्कीच्या मागचा दोर पकडला आणि बेताबेताने ब्रेक लावला. पाती मंदावली, थांबली.

तो दोर हातात धरून तसाच उभा राहिला. ब्रेक कसा धरतो हे त्या हातांना कळलं होतं. मी अगदी जवळ होतो, त्याचा चेहरा मला दिसला, आणि तो दिसला नसता तर बरं झालं असतं. मग त्याने दोर पुन्हा जरा सैल केला, खालचं पातं टोक ओलांडून थोडं पुढे जाऊ दिलं, आणि तिथे ब्रेक लावला. त्याचं सुतक त्याने स्वतःच लावून घेतलं.

टाळ्या पडल्या. मंत्र्यांनीही वाजवल्या. गेरॉल्फ ध्वनिक्षेपकात म्हणाला, की याचा अर्थ आता आमच्या बाईच सांगतील. हेडविग तिथे धापा टाकत उभी होती, कोट उघडा पडलेला, आत तो निळा सूट. ओमेरने तिच्याकडे एकदाच बघितलं.

"ब्रेक चांगला आहे, बाई," तो म्हणाला. "छान काम केलंय पोरांनी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. तो वळला आणि उतरायला लागला. हेडविगने गेरॉल्फकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि ती कोटाची बटणं लावायला लागली. तिच्या बोटांना काजं सापडत नव्हती. शेवटी मी लावून दिली.

आम्ही परतलो तेव्हा खांदेकऱ्यांनी पेटी फळ्यांवर टेकवून ठेवली होती. सगळे थांबले होते. ओमेरने मुलाकडून टोपी घेतली आणि खांदेकऱ्यांना मानेने खूण केली.

त्यानंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती, हॅम आणि चीज भरलेले पाव होते. मला घरी पळायचं होतं. हेडविग म्हणाली, नाही, जायचं. तिथे एकच विषय. ब्रेक सुटला होता आणि ओमेरने मंत्र्याचा जीव वाचवला. टेकाडावर काय झालं हे यांना कुठून कळणार? ओमेर सगळं ऐकत होता आणि कोणाचंही खोडून काढत नव्हता.

विल्फ्रीड आमच्याकडे आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बरं झालं, तुम्ही बाबांना आधीच सांगून ठेवलं होतंत, बाई. आईला तसंच टाकून पळाले हो ते. पण निदान कारण तरी होतं."

हेडविगने कप खाली ठेवला आणि ती उभी राहिली. वर्ग शांत करताना राहायची तशीच. "मला सगळ्यांना काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी जवळचे लोक वळले.

"बसा, बाई," टेबलापलीकडून ओमेर म्हणाला.

"नाही ओमेर, मला बोलू द्या."

"पुढे कधीतरी बोला." तो हे अगदी हळू म्हणाला, आमच्यापुरतंच. "आज झुल्माचा दिवस आहे. तुमचा नाही."

हेडविग बसली. ओमेरने दुधाचं भांडं आमच्याकडे सरकवलं. "दूध घेता ना?"

हेडविगने जन्मात कधी कॉफीत दूध घातलेलं नाही, मीही नाही. तिने घेतलं, मग मी घेतलं, आणि तो बघत होता तोवर आम्ही ते पीत राहिलो.