एकशे पासष्ट पावलं

तौनो हुहतालाच्या गॅरेजात कुणीही बंदूक घेऊन आला, की म्हातारा आधी बंदुकीला हात लावत नसे. आधी दोन प्रश्न. "किती पावलांवरून मारणार? आणि कशावर?" मग गिऱ्हाईक शेरीफ असो नाहीतर पाद्री असो. लोक हसत, काही चिडतही. पण हरणाच्या शिकारीला पंधरा नोव्हेंबरला सुरुवात व्हायच्या आधीचे सहा आठवडे अख्ख्या खाणपट्ट्यातले बाप्ये त्याच्याच दारात रांग लावत. त्याला कारणही तसंच होतं. तौनोनं दुर्बीण बसवली, की तो त्याच अंतरावरून कागदावर तीन गोळ्या झाडायचा, त्या भोकांखाली सही करायचा आणि कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तो कागद हातात पडला, की पुन्हा नेम तपासायचा नाही. हंगामाच्या तोंडावर रानात एक जरी बार काढला, तरी हरणं पार तलावापलीकडे पळतात. म्हणून सगळे त्या कागदावर डोळे मिटून विसंबायचे. चाळीस वर्षांत तो कागद एकदाही खोटा ठरला नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी दारात रॉय बेसेट उभा राहिला. तौनोचा जावई. जावई म्हणायचं ते कोर्टाचा शेवटचा कागद यायचा होता म्हणून, एवढंच. दोन हिवाळ्यांपूर्वी दारूच्या नशेत त्यानं सेल्माचं मनगट पिरगाळून मोडलं होतं. तेव्हापासून ती त्या घरात एकटी राहायची आणि रॉय तिकडे गिरणीमागच्या पत्र्याच्या खोलीत. बुटका, काटक माणूस. तौनोच्या खांद्याला जेमतेम लागेल एवढा. काखेत एक लांबलचक बोचकं.

"काय सासरेबुवा, हात धुवायला राख बिख आहे का?" त्यानं बोचकं टेबलावर ठेवलं. "हार्डवेअरच्या दुकानात पेटाराच आलाय. रशियन. एकोणनव्वद डॉलरला एक. आपल्या हातानं निवडून घ्यायची."

तौनोनं फडकं बाजूला केलं. फौजेनं मोडीत काढलेली रायफल, तपकिरी चिकट ग्रीसमध्ये आंघोळ केल्यासारखी. काकवीच्या पिंपातून काढली म्हणाल तर कुणी नाही म्हणणार नाही.

"किती पावलांवरून?" तौनोनं विचारलं. आवाज कोरडा ठेवला.

"एकशे पासष्ट." रॉयनं क्षणभरही विचार केला नाही. "टेकाडावरून खाली."

आता बघा, शिकारी माणूस असं कधी बोलत नाही. तो म्हणतो, शंभरेक. फुशारकी मारायची असेल तर म्हणतो, तीनशे. पण एकशे पासष्ट? असा आकडा मोजल्याशिवाय तोंडात येत नाही.

"आणि कशावर?"

रॉय हसला. "ते तेव्हाच कळेल. या वेळी सेल्माच्या दारात असं काहीतरी होणारे, की गाव बघत राहील. मी सुधारलोय, सासरेबुवा. वर्ष झालं, थेंबाला शिवलो नाही."

"कुत्र्याचं शेपूट," तौनो पुटपुटला.

"नळीत घातलं तरी वाकडं, ठाऊक आहे मला," रॉय म्हणाला. "पण तुमच्या नळ्या सरळ असतात म्हणतात." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत तो निघून गेला.

त्याच दुपारी तौनो सेल्माच्या घरामागच्या टेकाडावर चढला. जायला नको होतं असं मागाहून शंभरदा वाटलं त्याला, पण बापाचं काळीज, ते कुठं गप्प बसतंय! वरच्या जुन्या झाडाखाली एक बादली पालथी घातलेली होती, बसायला. भोवती रॉयच्या सिगरेटींची थोटकं. समोरच्या चार फांद्या ताज्या छाटलेल्या, आणि त्या फटीतून खाली सरळ दिसत होती सेल्माच्या स्वयंपाकघराची खिडकी. ती आत कणीक मळत होती, तिचे खांदे हलताना दिसत होते.

तौनोनं पावलं मोजायला घेतली. उतार, गवत, मग ते जुनं सफरचंदाचं झाड, त्याच्यामागे बटाटे साठवायच्या तळघरावरचा मातीचा उंचवटा. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळं पडली होती. ती तुडवत, उंचवट्याला वळसा घालून तो पुढं गेला. एकशे त्रेसष्ट. एकशे चौसष्ट. एकशे पासष्टावं पाऊल पडलं ते स्वयंपाकघराच्या पायरीवर.

तो तिथंच मटकन बसला.

"बाबा? असा काय बसलास?" सेल्मानं दार उघडलं. पिठाचे हात, कपाळावर केस. चाळिशीची झाली तरी त्याला ती अजून दहा वर्षांचीच दिसायची.

त्यानं सांगितलं सगळं. ती हाताचं पीठ खरवडत राहिली.

"तो मला मारेल असं वाटतं तुला?"

"वाटतं."

"मला नाही वाटत," ती म्हणाली. "आणि वाटलं तरी किती दिवस पळू? घर माझं आहे. मी कुठंही जाणार नाही. कॉफी घेतोस?"

तिथून तो उठला तो तडक वॉरन प्रिस्ककडे. वॉरन शेरीफच्या हाताखालचा शिपाई, तोंडात कायम मांसाच्या करंजीचा तोबरा. "तौनो," तो म्हणाला, "पंधरा नोव्हेंबरला बंदूक घेऊन झाडाखाली बसलेल्या माणसाला पकडायचं म्हटलं, तर मला चर्चचाच तुरुंग करावा लागेल. आणि पाद्रीबाबाही आतच असेल."

मग उरलं काय? नाही म्हटलं असतं, तर रॉय दुसऱ्याकडे गेला असता आणि त्यानं दुर्बीण चोख बसवली असती. तौनो रात्रभर विचार करत राहिला आणि सकाळी कामाला लागला.

आधी ग्रीस. शनिवारी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, की लाकडी सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, बराच वेळ गरम राहते. त्यात त्यानं रायफल सुटी करून फळीवर मांडली. घाम फुटावा तसं ग्रीस लाकडातून पाझरायला लागलं. फडक्यावर फडकी खराब झाली. काडतूस आत सारणाऱ्या बोल्टच्या आतली स्प्रिंग तर त्यानं रॉकेलमध्ये दोनदा धुतली, कारण तिथं ग्रीस राहिलं तर थंडीत गोठतं आणि काडतुसावर आदळणारी पिन आळशी होते. बोल्टचा दांडा सरळ होता, वर उचलला की दुर्बिणीला आपटला असता. तो कापून, तापवून, खाली वाकवून पुन्हा जोडला. रायफलच्या माथ्यावर भोकं पाडून आटे काढले. बैठक बसवली, तिच्यावर दुर्बीण. इतकं नीट काम त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. हाताला खोटं येत नाही हो, त्याला काय करणार!

मग गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जाऊन एकशे पासष्ट पावलं मोजली आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका बशीत मावतील अशी, बरोबर मध्यावर. जुनी काडतुसं नळीला गंज आणतात, म्हणून घरी येऊन उकळतं पाणी नळीतून ओतलं, तेल फिरवलं. कागदावर सही केली. तारीख घातली.

आणि त्यानंतर तौनोनं दुर्बिणीच्या बैठकीचा मागचा स्क्रू ढिला केला. नखाएवढा पत्र्याचा तुकडा कापला, काळा केला आणि बैठकीखाली सरकवून स्क्रू पुन्हा आवळला. मागची बाजू केसभर उचलली गेली. तेवढी बास होती. आता त्या अंतरावर छातीचा नेम धरला, तर गोळी चार फूट वरून, डोक्यावरून जाणार. खिडकीचा धरला, तर माळ्याच्या फळ्यांत. पोर वाचेल आणि हा रंगेहाथ सापडेल. चाळीस वर्षांच्या सहीखाली त्यानं पहिल्यांदा खोटं विकलं.

रॉय रायफल न्यायला आला तेव्हा त्यानं कागद उजेडात धरून पाहिला. त्याचे डोळेच भरून आले.

"मला वाटलं होतं, तुम्ही मला दारातूनच हाकलाल," तो म्हणाला.

"एकदा झाडून बघणारेस का?" तौनोनं विचारलं.

"तुमचा कागद असताना? मला वेड लागलंय का?"

पंधरा तारखेला उजाडायच्या आधीच तौनो सेल्माच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. बाहेर घोट्याएवढं बर्फ. सेल्मा वैतागली होती.

"पहारा द्यायला आलास ना? बंदूक आणली नाहीस ती?"

"लागणार नाही."

"मग मला खिडकीपासून लांब बस असं तरी सांग. तुझं तोंड बघून मीच मरेन भीतीनं."

"बसायला नको. कर तुझं काम," तौनो म्हणाला. त्याला खात्री होती. गोळी आली तरी वर माळ्यात जाणार, खाली केसालाही धक्का लागणार नाही. तिनं त्याच्यापुढं कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाचा तुकडा ठेवला आणि ती खिडकीशेजारच्या चुलीत लाकडं सारायला वाकली.

हळूहळू फटफटलं. दूर रानात कुणाचा तरी पहिला बार झाला, मग दुसरा. टेकाडावरचं झाड काळं दिसत होतं. त्याखाली रॉय आहे हे तौनोला न बघताही कळत होतं. त्याची पावलंच सांगत होती. अंगणात, उंचवट्याच्या बाजूनं, बर्फात एक माग टेकाडाकडे गेलेला होता. बुटक्या माणसाचा. तोकडी, दाट पावलं, एकाला एक खेटून.

"हा माग रॉयचा ना? अंगणात कशाला आला होता?" तौनोनं विचारलं.

"त्याचाच असणार," सेल्मा वाकूनच म्हणाली. "काल तिन्हीसांजेला सफरचंदाच्या झाडाखाली मका टाकताना दिसला. त्या म्हाताऱ्या हरणाच्या नरासाठी. मेला माझी सगळी सफरचंदं खातो, उंचवट्याला टेकून उभा राहतो, अगदी मालकासारखा. पूर्वी रॉय म्हणायचा, याला एक दिवस मारून तुझ्या दारात टांगतो, हिवाळाभराचं मांस. ज्याच्याशी वाकडं आलं त्याच्या दारात हरीण टांगून माफी मागायची, ही त्याच्या आजोबाची रीत ना."

तौनोच्या हातातला कप तसाच राहिला.

उंचवट्याच्या पलीकडून, सफरचंदाच्या झाडाखाली, शिंगं वर आली. रुंद, आठ टोकांची. खाली मान घालून जनावर मका खात होतं, टेकाडावरून पाहिलं तर त्याच्यामागे मातीचा ढीग. कुणीही शहाणा शिकारी इथंच नेम धरेल, कारण गोळी चुकली तरी मातीत रुतते, मागच्या घराला धोका नाही. आणि तौनो त्या तोकड्या पावलांकडे बघत राहिला. त्याची स्वतःची ढांग केवढी, आणि रॉयची केवढी! तौनोची एकशे पासष्ट पावलं पायरीपर्यंत यायची. रॉयची एकशे पासष्ट त्या सफरचंदाच्या झाडापाशीच संपत होती.

चार फूट वर. उंचवट्यावरून. घरात.

"सेल्मा! खाली!" तो ओरडला.

ती चुलीपाशी वाकलेलीच होती. तशीच राहिली असती तर! पण बापानं असं किंचाळल्यावर कुठली पोर वाकून राहील? ती ताडकन सरळ झाली, त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "काय झालं?"

काच फुटली. आवाज नंतर आला.

वॉरन अॅम्ब्युलन्सच्या पाठोपाठच पोचला. गोळी डाव्या खांद्यातून गेली होती. जीव वाचेल, हाताचं सांगता येत नाही, असं अॅम्ब्युलन्समधल्या बाई म्हणाल्या. सेल्माला उचलून नेताना तिनं बापाचा हात धरला. चेहरा कागदासारखा पांढरा.

"तुझंच खरं निघालं, बाबा," ती म्हणाली. "मी तुझं ऐकलं नाही."

दार लागलं आणि गाडी गेली.

रॉय वॉरनच्या गाडीच्या मागच्या सीटवर होता, हातात बेड्या. टेकाडावरून धावत येताना तो तीनदा पडला होता, गुडघ्यांपर्यंत भिजलेला, नाकातून पाणी. "मी हरणावर झाडली!" तो काचेआडून ओरडत होता. "सासरेबुवा, सांगा ना यांना! तुमचा कागद होता ना! मी तुमच्या कागदावर झाडली!"

वॉरननं रायफल गाडीच्या बॉनेटवर ठेवली होती. त्यानं रॉयच्या खिशातून निघालेला कागद उघडला. तीन भोकं, मध्यावर. खाली सही.

"हेच त्याला घेऊन बुडणार," तो हळूच म्हणाला. "तुझ्या बसवलेल्या दुर्बिणीतून माणूस हरणाऐवजी खिडकी मारतो, हे या जिल्ह्यात कुणाला पटणार नाही. तू सांगत होतास, तौनो, मीच हसलो. ही सही तुझीच ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तरी पुरे होतं. रॉय जन्मभर आत गेला असता आणि सेल्मा बापाला देव मानत राहिली असती. तौनोला ते सगळं एका क्षणात दिसलं. आणि त्याला हेही दिसलं, की बुटका बेसेट गेला महिनाभर तो कागद उराशी धरून हिंडला होता.

त्यानं शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"ए, पुरावा आहे तो, हात लावू नकोस!" वॉरन म्हणाला.

"मग तू लाव," तौनो म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "मागचा स्क्रू. डावीकडे फिरव. हळू."

वॉरननं फिरवला. बैठक ढिली झाली आणि नखाएवढा काळा पत्रा घसरून बॉनेटवरच्या बर्फात पडला. वॉरननं वाकून तो चिमटीत उचलला.

"सही माझीच आहे," तौनो म्हणाला. "आणि हे पण माझंच."