अचानक न पडण्याचा बेत

"आधी वीतभर उचल. थांब. बघ. मगच पुढे. आणि उतरवताना असं उतरव, की ओझं जमिनीला कधी टेकलं ते खालच्या माणसाला कळताच कामा नये."

वस्तादांचा हा आवाज आजोबांच्या कानात चाळीस वर्षं मुरला होता. गोदीत कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांना हे सांगितलं गेलं, आणि पुढे चौतीस वर्षं क्रेनच्या पिंजऱ्यात बसून त्यांनी तेवढंच पाळलं. यंत्रं, काचेच्या पेट्या, एकदा तर सर्कशीचा म्हातारा उंट, सगळं त्यांनी जहाजातून अलगद उचललं आणि अलगद ठेवलं. उंट खाली आला तेव्हा रवंथच करत होता, असं गोदीत अजून सांगतात.

इतक्या उंचावर ज्याचा जन्म गेला तो माणूस उंचीला काय भिणार? उंचीचं त्यांना काहीच नव्हतं. वैर होतं ते अचानक खाली जाण्याशी. लिफ्टमध्ये ते दांडा घट्ट धरत. गाडी खड्ड्यात आदळली की ड्रायव्हरकडे असं बघत, की तो बिचारा आपणहून माफी मागे. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, एवढ्यानेही ते कठडा पकडून उभे राहत.

"ओझं हातातून सोडणं म्हणजे आमच्या धंद्यातलं पाप," ते म्हणत. "आणि ही शहाणी माणसं तिकीट काढून स्वतःलाच सोडून देतात!"

ही शहाणी माणसं म्हणजे शहराबाहेरच्या खेळनगरीत 'उल्का' नावाच्या पाळण्यात बसणारी. पाळणा कसला, उंच खांबाभोवती बारा खुर्च्यांचं एक कडं. ते सावकाश वर जातं, टोकाला थांबतं आणि मग सुटतं.

आणि त्यांच्या नातीला, भिंगरीला, नेमकं त्याच उल्केत बसायचं होतं.

दहा वर्षांखालच्या मुलाशेजारी घरचं मोठं माणूस हवं, हा तिथला नियम. भिंगरीचे बाबा जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. आईचे यंदा दिवस भरत आलेले. आजीला साध्या झोपाळ्यावरही घेरी यायची. उरले आजोबा. गेल्या वर्षी वाढदिवसाला त्यांनी शब्द दिला होता. तासभर रांगेत उभे राहिले, अगदी फाटकापर्यंत पोचले, आणि तिथे त्यांचा गुडघा दुखायला लागला. उजवा. सगळी रांग उलटी तुडवत भिंगरी त्यांच्या मागोमाग बाहेर आली. रडली नाही, रुसली नाही. फक्त त्या दिवसापासून आजोबांनी काहीही कबूल केलं, 'उद्या बागेत नेतो', 'शनिवारी पतंग करू', की ती मान हलवून म्हणे, "बघू."

आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते मोठ्या माणसाचं 'बघू' आजोबांना सुईसारखं टोचे.

आता पुन्हा वाढदिवस आला होता. येत्या रविवारी.

"या वर्षी उल्का नक्की," आजोबा म्हणाले.

"बघू," भिंगरी म्हणाली आणि वहीला कव्हर घालू लागली.

त्या रात्री आजोबांनी खेळनगरीचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. खेळ कसला, हा तर कामाचा प्रश्न होता. एकदम उल्का झेपणार नाही, पण पायरीपायरीने? त्यांनी पेन्सिलीने यादी केली. बदकांची होडी, पडणं वीतभर. सुरवंटाची गाडी, हातभर. ओंडक्याची घसरगुंडी, पुरुषभर, शिवाय भिजणं वेगळं. आणि उल्का. तिच्यासमोर त्यांनी आधी 'वीस मजले' लिहिलं, मग खोडून नुसतं 'उल्का' लिहिलं.

बुधवारी आधी एकट्याने जाऊन पाहणी करायची, असं त्यांनी ठरवलं. एकट्याने म्हणजे हातवारेंना घेऊन.

हातवारे हे त्यांचं आडनाव नव्हे. गोदीत हा माणूस खाली उभा राहून हाताच्या खुणा करी आणि त्या खुणांवर वर आजोबांची क्रेन चाले. चौतीस वर्षं दोघांनी एकमेकांशी कामावर शब्दही न बोलता काम केलं. निवृत्त झाल्यावर हातवारेंनी न बोललेलं सगळं एकदम बोलायला काढलं, ते अजून संपलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आजीचं मौन चाललं होतं. रोज पहाटे उठून तासभर ती एक अक्षर बोलत नसे. नेम म्हणजे नेम. आजोबांनी मुद्दाम तीच वेळ साधली.

"अगं, जरा पाहणीला जाऊन येतो. तुझी हरकत नाही ना?"

आजीने डोळे उघडले, त्यांच्या पायांकडे पाहिलं, नेमकं उजव्या गुडघ्याकडे, आणि पुन्हा मिटले. आजोबा निमूट चपला घालून निघाले. उरलेल्या तेवीस तासांत ती जेवढं बोले, त्याहून या एका तासात जास्त बोले.

बदकांची होडी छानच निघाली. सुरवंट दोनदा झाला. ओंडक्याच्या घसरगुंडीवर आजोबांनी डोळे मिटले, पण तोंडातून आवाज काढला नाही. मागे बसलेल्या हातवारेंनी मात्र दोघांच्या वाटणीचा काढला.

"गड्या, आता काय राहिलंय?" शर्ट पिळत हातवारे म्हणाले. "एवढं झालं, तेवढं होईल."

"एवढं दिसत होतं रे. कुठे पडायचं ते समोर दिसत होतं. तिथे वर कधी सोडतील ते कळतच नाही. कधी पाच आकड्यांनी, कधी नऊ. मी मोजलंय. बेइमान यंत्र आहे."

हातवारेंचे डोळे चमकले. "म्हणजे तुला पडायचं भय नाही. अचानकचं भय आहे."

"तेच तर कधीपासून सांगतोय."

"मग मी कशाला आहे? मी खाली उभा राहतो. सुटायच्या आधी खांबाच्या बुडाशी चाकाचा खटका हलतो, तो मला इथून दिसेल. तो हलला की हात खाली. मग अचानक कसं राहील?"

इतकी सोपी गोष्ट आपल्याला वर्षभर सुचली नाही, याचं आजोबांना नवल वाटलं. ते जाऊन उल्केच्या खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत एक धिप्पाड गृहस्थ होते. शाळेत कसरत शिकवतो, अशी त्यांनी स्वतःच ओळख करून दिली.

कडं वर निघालं. आजोबा खुशीत होते. चढ सावकाश होता, एकही धक्का नाही. खाली हातवारे काडीएवढे झाले, तरी त्यांचा वर धरलेला हात स्पष्ट दिसत होता. टोकाला कडं थांबलं, आणि आजोबांच्या लक्षात आलं, की आता इशारा येईल, आणि तो आला की आपण खरोखरच पडणार आहोत. हे त्यांनी इतका वेळ मनावरच घेतलं नव्हतं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

हातवारेंची नजर म्हातारपणीही घारीची. चौतीस वर्षांत वरच्या पिंजऱ्यात असा चेहरा त्यांनी एकदाच पाहिला होता, दोर तुटायच्या बेतात होता तेव्हा. पुढचं त्यांनी ठरवून केलं नाही, ते हातांनीच केलं. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताठ पसरले. गोदीच्या खुणेत, सगळं जागच्या जागी थांबवा!

यंत्रावरची मुलगी कामावर नवीन होती आणि तिने नियमांचं पुस्तक पाठ केलं होतं. खाली कोणीही दोन्ही हात पसरले, तर आधी लाल बटण, मग चौकशी. तिने बटण दाबलं.

उल्का आकाशात अडकली.

"काय झालं? काय झालं हो?" कसरतीचे मास्तर किंचाळले. त्यांनी आजोबांचं मनगट असं पकडलं, की हाताला मुंग्या आल्या.

आजोबांचा जीव मात्र भांड्यात पडला होता. यंत्र बंद, म्हणजे पडणं बंद. उंची तर घरचीच. "काही नाही, मास्तर. आता हे तपासतील, मग हाताने उतरवतील. अर्धा तास धरून चला. तोवर तिकडे बघा, नदी काय सुंदर वळलीय! आणि तो लाल छपराचा दवाखाना, तो आमच्याच गल्लीतला."

"मला खाली जायचंय!"

"जाऊ की. पाय हलवू नका, श्वास मोजा. तुमची मुलं काय करतात?"

असं करत त्यांनी बाराच्या बारा खुर्च्यांना धीर दिला. एका नव्या नवरीने त्यांना घरी जेवायलाही बोलावलं. पंचवीस मिनिटांनी कडं हळूहळू, लोण्यातून सुरी जावी तसं खाली आलं.

"कोणी उतरवलं?" आजोबांनी पट्टा सोडायच्या आधीच विचारलं.

"मी," मुलगी घाबरत म्हणाली.

"हात चांगला आहे तुझा. टेकल्याचं कळलंसुद्धा नाही."

ती मुलगी एवढी लाजली, की मागून रागावून येणाऱ्या बाईंना क्षणभर थांबावं लागलं. त्या तिथल्या व्यवस्थापक. दोघा म्हाताऱ्यांना खोलीत बसवून त्या हातवारेंना म्हणाल्या, "काका, तुम्ही पुन्हा इथे आलात तर हात खिशात. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत. कबूल?"

"अहो बाई, पण बोलताना..."

"खिशात!"

बसमध्ये हातवारे हळूच कानाशी लागले. "एक सुचलंय. रविवारीही असंच करू. मी नाही, माझा मेहुणा पसरेल हात. पोरगी वर जाईल, मजेत खाली येईल, तू पडणार नाहीस. उल्का झाली म्हणजे झाली!"

आजोबांना मोह पडला नाही, असं म्हणता येणार नाही. दोन थांबे ते नुसते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "हा दुसरा गुडघा होईल रे."

हातवारेंच्या पोटात गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गल्लीला पाठ झाली होती. भिंगरी कपाळाला आठी घालून आजोबांसमोर उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही माझ्याआधी उल्केत बसलात?"

"बसलो. पण पडलो नाही."

"मग ते बसणं नाही."

"नाही," आजोबा म्हणाले. आत ताटं मांडत असलेल्या आजीचा हात थांबला. "आणि भिंगरी, गेल्या वर्षी माझा गुडघा दुखत नव्हता. मला भीती वाटली होती. खाली पडायची. अजूनही वाटते."

भिंगरीच्या कपाळावरची आठी गेली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "घरी येताना तुम्ही डाव्या पायाने लंगडत होतात."

आत आजीला ठसका लागला.

"मला भीतीचा नव्हता आला राग. गुडघ्याचा आला होता." मग तिने मोठ्या मनाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण नको जायला उल्केत. बदकं करू. सुरवंट दोनदा करू. मी दहा वर्षांची झाले की एकटी बसेन. सोडलं तुम्हाला."

त्या रात्री आजोबा लहान मुलासारखे झोपले.

रविवारी सगळं यादीप्रमाणे झालं. आजी बाकावर पिशव्या सांभाळत बसली. हातवारे हात खिशात घालून आले होते आणि अर्धं वाक्य झालं की अडखळत होते. भिंगरी बदकांच्या होडीत हसली, सुरवंटात दोनदा हसली, ओंडक्यावर तिने आजोबांना घट्ट धरलं. दुपारी सगळे सावलीत सरबत प्यायला बसले. भिंगरी पेल्यात बघत गप्पा मारत होती. दर थोड्या वेळाने वरून एक लांबलचक आरोळी येई आणि तिचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबे. ती मान वर करत नव्हती. फक्त बोटांनी पेल्यावर मोजत होती, कडं टोकाला थांबल्याचा खट् आवाज येतो तिथपासून आरोळीपर्यंत किती आकडे ते. एकदा सात. एकदा पाच. एकदा नऊ.

आजोबा ती बोटं बघत होते.

आजीने त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, सरबत गरम होतंय."

"असू दे," आजोबा म्हणाले. त्यांनी पेला तिच्याजवळ ठेवला, चष्मा काढून डबीत घातला आणि डबी तिच्या हातात दिली. तिने डबी पदरात धरली.

"कुठे चाललास?" हातवारेंचे हात खिशातल्या खिशात उसळले.

आजोबांनी मागे पाहिलं नाही. शर्टाचं वरचं बटण लावत, उन्हातून, ते उल्केच्या रांगेकडे चालू लागले. दहा-बारा पावलं गेल्यावर मागे पेला जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि मग धावत येणाऱ्या लहान पावलांचा.