ओढ्यातून गेलेली रेघ

माझ्याकडं कुणी बोट दाखवायच्या आधी माझं ऐकून घ्या. मी केदारखेड्याच्या शिवारातल्या वस्त्यांचा नकाशा. कागदाचा न्हाई. माझी घडी होत नाही अन् माझ्यावर भजीही ठेवता येत नाहीत. मी मोबाइलात राहतो.

जगभरातली माणसं आपापल्या गावचे रस्ते, नद्या, विहिरी आखून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवतात. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं अन् आपल्या कामाचा नकाशा करावा. गावातल्या अंबरीन नावाच्या पोरीनं मला त्यातूनच घडवलं. हॉटेलं, टॉवर गाळले. गाडीवाटा जाड केल्या, पायवाटा तुटक ठेवल्या. कशासाठी? जनावरांच्या डॉक्टरची गाडी वस्त्यांवर न चुकता पोचावी म्हणून.

पण ओढ्यापलीकडची वस्ती माझ्यात कोरीच होती. वरून काढलेल्या फोटोत नुसत्या बाभळी. तिथं राहणाऱ्या आसराबाई भडकल्या. "दुनियेची घरं दिसतेत, अन् माझंच दिसंना व्हय?"

अंबरीननं आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला. "मावशी, घरला जायच्या रस्त्यानं फकत चालत जा. रेघ आपोआप उमटंल."

आता माणसांची तऱ्हा बघा. वस्तीवर गाडी जाते ती आसराबाईंचे दीर आबाराव यांच्या दारावरून. अन् बांधावरच्या एका झाडापायी दोघांचा वर्षानुवर्षं अबोला. ज्याच्याशी बोलायचं न्हाई त्याच्या दारावरूनही जायचं न्हाई, हा बाईंचा नेम. मोबाइल पदराला बांधून, लुगडं वर खोचून त्या रोजच्यासारख्या ओढ्यात उतरल्या. रेघ उमटली. मोठ्या माणसाला काय उलटं विचारायचं, म्हणून अंबरीननं ती तशीच जाड केली. मी तरी काय करणार? मला सांगतील ते मी खरं धरतो.

भर पावसाळ्यात बाईंची म्हैस अडली. डॉक्टर निघाले. ड्रायव्हर सुग्रीवनं माझ्यावर डोळे लावले अन् गाडी सरळ ओढ्यात घातली. चाकं चिखलात रुतली. वस्तीवरून म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं. बाई धावत काठावर आल्या.

"मावशी, तुमी याच वाटेनं येता?" सुग्रीवनं विचारलं.

"मी येते. गाडी येती असं कुठं म्हणले मी?"

"मंग गाडी येती कुठून?"

बाईंनी नुसतं आबारावांच्या घराकडं पाहिलं. दारात ट्रॅक्टर उभा होता. हाक मारावी तर नेम मोडतो, न मारावी तर म्हैस जाते. त्या तरातरा गेल्या अन् अंगणातल्या कुत्र्याला म्हणाल्या, "का रे, कुणी ट्रॅक्टर आणील का वढ्यावर?"

आबाराव बाजेवरून हलले नाहीत. त्यांनीही कुत्र्यालाच विचारलं, "काय म्हणून राह्यलं रे? कुणाला म्हणून राह्यलं?"

कुत्रं बिचारं दोघांकडं बघून शेपूट हलवत होतं.

"तुमालाच, भाऊजी!" बाई कडाडल्या. "म्हैस चालली माझी. उठा जल्दी!"

आबाराव चपलाही न घालता उठले. ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली अन् स्वतःच्या दारावरून वस्तीवर नेली. रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टरांनी हात घालून ते सरळ केलं. म्हैस वाचली, रेडकूही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपण होऊन मोबाइल मागितला अन् खऱ्या रस्त्यानं चालल्या. ओढ्यातली रेघ अंबरीननं पुसली. नवी रेघ आबारावांच्या दारापर्यंत सरळ आली अन् तिथं तिचा नुसता गुंताच झाला.

"मावशी, इथं काय झालं? लई वेळ थांबल्या का?"

"भांडण चालू होतं आमचं."

"अजूनबी?"

"मंग! इतक्या वर्षांचं साचल्यालं. एका दमात संपतंय का? चहा सुदिक थंड झाला."

अंबरीननं गुंता सोडवून रेघ सरळ केली. गाडीला त्या गुंत्याचं काय करायचं? तेव्हा, बायांनो अन् बाप्यांनो, भांडा खुशाल. पण एकमेकांच्या दारात जाऊन भांडा. तेवढंच मला रस्ते नीट कळतील.