माझ्या वाट्याची वाक्यं

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओततो, मेण लावून दात बसवतो, घासून गुळगुळीत करतो आणि परत धाडतो. आयुष्य गेलं लोकांच्या तोंडात, पण बोलणारं तोंड माझ्या वाट्याला क्वचितच येतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमची ही म्हणते, तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंत बरी, ती निदान मान खाली घालून बसत नाही.

अशा माणसाच्या मुलीनं माध्यमिक शाळेत स्पॅनिश घेतलं. पाच वर्षांचा अभ्यास. हेच का, असं विचारलं तर म्हणाली, त्या बाई छान हसतात. त्या छान हसणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक सरावाची वही हातात दिली. रोज वीस मिनिटं घरातल्या कुणाशी तरी मोठ्यानं बोलायचं, आणि त्या कुणीतरी खाली सही करायची. ही नर्स, तिची कायम दुपारपाळी. तेव्हा तो कुणीतरी म्हणजे मीच.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी एका जागी पाय ठरायचा नाही. पण त्या वीस मिनिटांत ती ठाण मांडून बसायची. माझ्या वाट्याची वाक्यं देवनागरीत लिहून माझ्यापुढे ठेवायची. ती गिऱ्हाईक, मी वेटर. तिचं पोट दुखायचं, मी डॉक्टर. तिला गाडी चुकायची, मी तिकीट खिडकीवरचा खडूस. पाच वर्षांत मी इतके धंदे केले की कवळ्यांना कंटाळलो असतो तर उपाशी मेलो नसतो. एका अक्षराला ती म्हणायची, "बाबा, जीभ दातांत धर." हे मला शिकवत होती, अर्ध्या गावाचे दात बसवणाऱ्याला.

अर्थ विचारला की म्हणायची, "तू नुसतं वाच रे. अर्थाचं मी बघते."

मीही वाचायचो. पण पाच वर्षं जात्याशेजारी बसलं की अंगावर पीठ उडतंच.

शाळा संपली आणि स्पॅनिश बोलतात त्या देशात जायला तिची निवड झाली. एक वर्ष, एका कुटुंबात राहून, तिथल्या मुलांबरोबर शिकायचं. मी पेढे वाटत खुशीत सगळ्यांना सांगत सुटलो. ती गेली आणि पहिल्याच संध्याकाळी सात वाजता मी हात धुऊन टेबलाशी येऊन बसलो. समोर कोण? कुणीच नाही. त्या दिवशी मला रडू आलं, आणि हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक काढलं. दिवसा घासायचं यंत्र चालू असताना कानात धडे लावायचे, संध्याकाळी वाचायचं, लिहायचं, खोडायचं. तिची पाच वर्षं मी एका वर्षात केली. हिनं एकदा वही बघितली आणि म्हणाली, "आता या वयात परीक्षेला बसताय की काय?" तिला मी गप्प राहण्याची शपथ घातली, कारण माझा एक बेत होता.

भिंगरी परत येईल तेव्हा विमानतळावर मी तिच्याशी तिच्या भाषेत बोलणार होतो. कागद न बघता. प्रवास कसा झाला, भूक लागली का, बॅग दे इकडे. आणि शेवटी, तुझ्याशिवाय घरात मन लागत नव्हतं, पोरी. मराठीत हे वाक्य माझ्या तोंडून या जन्मी निघालं नसतं. परक्या भाषेत मला ते जमत होतं. आरशासमोर शंभरदा म्हटलं असेल.

ती यायला महिना राहिला असताना एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. ही बाजारात गेली होती. मी फोन कामाच्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. जेवलास का, जेवलीस का, एवढं झालं आणि तिकडे मागून एका माणसाचा आवाज आला. ती मला म्हणाली, "बाबा, एक मिनिट हं." आणि त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलू लागली. फोन चालूच होता. माझ्यापासून लपवायची गरज काय होती?

"सांगितलंस का त्यांना?" त्यानं विचारलं.

"नाही, पापा. पुढच्या रविवारी."

पापा म्हणजे कोण, ते कळायला कुठलीच शाळा लागत नाही. ती ज्यांच्याकडे राहते, त्या घरातला बाप.

"तू परत जाणार नाहीस, तुला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, हे बापाला आधी कळायला हवं," तो म्हणाला. भला माणूस असावा.

"आईला सांगणं कठीण आहे. बाबांचं काही नाही. त्यांच्यापुढे जे ठेवावं ते ते वाचतात."

माझ्या हातात एक खालची कवळी होती. ती मी जपून खाली ठेवली.

मग ती मराठीत आली. "हां बाबा, बोल. तिकीटच बघतेय मी. पुढच्या आठवड्यात काढते."

मला सगळं समजतं, असं मी तेव्हाच म्हणू शकलो असतो. पण मग आपण काय बोललो आणि बापानं काय ऐकलं, हे तिला जन्मभर छळलं असतं. वर्षभर शिकलेलं सगळं त्या एका क्षणात गिळावं लागलं.

"घाई करू नकोस," मी म्हणालो. "जमेल तेव्हा काढ. नाही जमलं तरी चालेल."

तिकिटाचा विषय तिनं तिथंच सोडला. मग म्हणाली, "बाबा, इथले काका तुला नमस्कार करायचा म्हणतायत."

तो माणूस फोनवर आला. मला कळावं म्हणून बिचारा एकेक शब्द सावकाश बोलला. काळजी करू नका. ती आमचीही मुलगी आहे. मी तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळीन.

"ते म्हणतायत, इकडे फार थंडी पडलीय," भिंगरी म्हणाली.

"त्यांना म्हणावं, स्वेटर घाला," मी म्हणालो.

ती हसली, आणि तिनं त्याला त्यांच्या भाषेत सांगितलं की बाबा तुमचे आभार मानतायत, बाबांना आनंद झालाय. मी फोनपाशी मुकाट बसून राहिलो, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं.